वाचकांचे प्रश्न : वृत्त कुठे मोडते, 'जणू' कुठे फसवतो

प्रश्न : मी भुजंगप्रयात वृत्तात लिहायचा प्रयत्न करतो आहे. 'सकाळी नदीच्या काठावर आलो' या ओळीत १२ अक्षरे आहेत, मात्राही २० भरतात. तरी आमचे सर म्हणतात, वृत्त मोडले. चूक कुठे आहे? (अकरावीचा विद्यार्थी, सांगली)

उत्तर : सर बरोबर आहेत आणि तुमची मोजणीही बरोबर आहे. अक्षरगणवृत्तात अक्षरे किती हे पुरेसे नसते, लघु-गुरू कोणत्या क्रमाने येतात तेही ठरलेले असते. तीन अक्षरांच्या ठरलेल्या लघु-गुरू क्रमाला गण म्हणतात. भुजंगप्रयातात 'य' गण चार वेळा येतो, म्हणजे लगागा लगागा लगागा लगागा.

आधी ओळ मोठ्याने म्हणा. मग प्रत्येक अक्षराखाली लघूसाठी 'ल' आणि गुरूसाठी 'गा' लिहा. अ, इ, उ, ऋ हे स्वर असलेले अक्षर लघु, एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेले गुरू, दोन मात्रा. अनुस्वार किंवा विसर्ग असलेले अक्षर गुरू ('गंमत'मधला गं, 'दुःख'मधला दुः). पुढच्या जोडाक्षराचा आघात ज्या लघु अक्षरावर येतो, तेही गुरू. चरणाच्या शेवटी गुरू हवा असेल आणि लघु आला, तर तो गुरू धरायची सवलत आहे. एवढे झाले की डावीकडून तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडा.

रामदासांच्या मनाच्या श्लोकांतल्या दुसऱ्या श्लोकाची पहिली ओळ घ्या : मनासज् / जनाभक् / तिपंथे / चिजावे. चारही तुकडे लगागा. 'सज्जना'तला स एरवी लघु, पण ज्जचा आघात त्याच्यावर येतो म्हणून गुरू. 'भक्ति'तला भ तसाच.

आता तुमची ओळ : सकाळी / नदीच्या / काठाव / रआलो. पहिला, दुसरा आणि चौथा तुकडा चोख आहे. तिसरा 'काठाव' मात्र गागाल, म्हणजे 'त' गण. 'य'च्याही मात्रा ५ आणि 'त'च्याही ५, म्हणून २०ची बेरीज जुळली आणि तुमची दिशाभूल झाली. 'सकाळी नदीच्या कडेलाच आलो' असे करून बघा : कडेला / चआलो. ओळ उभी राहते.

गण पाठ नसतील तर 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र लिहून ठेवा. हव्या त्या गणाच्या अक्षरापासून सलग तीन अक्षरे घेतली की त्या गणाचे लघु-गुरू मिळतात : य म्हणजे यमाता, लगागा, त म्हणजे ताराज, गागाल, स म्हणजे सलगा, ललगा. आणखी एक, 'घर' आपण बोलताना एका झटक्यात उच्चारतो, पण या वृत्तांत ते दोन लघु धरतात. त्याला एक गुरू समजलात तर सगळी ओळ सरकते.

प्रश्न : जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू, असे शाळेत शिकवले जाते. मग 'तुम्ही'तला 'तु' लघु का धरतात? (शिक्षिका, सोलापूर)

उत्तर : कारण शाळेत अर्धा नियम सांगितला जातो. जोडाक्षर लिहिलेले असणे महत्त्वाचे नाही, आघात ऐकू येणे महत्त्वाचे. मराठीत म्ह, न्ह, ल्ह, व्ह यांच्या आधी सहसा आघात येत नाही. म्हणून 'तुम्ही', 'पुन्हा', 'जेव्हा' हे शब्द म्हणताना आधीच्या अक्षरावर जीभ अडत नाही. ऱ्य आणि ऱ्ह यांचेही तसेच : 'दऱ्या', 'कऱ्हाड' यांत पहिले अक्षर लघु. रफार आला की मात्र आघात आलाच : 'अर्थ', 'कर्म'.

मुलांना पटवायचे असेल तर फळ्यावर 'पुण्यात' लिहा. 'मी पुण्यात राहतो' यातला पु लघु. 'पापात आणि पुण्यात फरक असतो' यातला पु गुरू. लेखन एकच, लगावली (लघु-गुरूंचा क्रम) दोन. 'दिव्यांनी'ची गंमत हीच : दिवा या शब्दाचे रूप असेल तर दि लघु, दिव्य या शब्दाचे असेल तर गुरू. सर्वसाधारणपणे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत आघात असतो. आणि मराठी शब्दाला 'या' लागून जोडाक्षर तयार झाले असेल (जुना-जुन्या, तुझा-तुझ्या) तर नसतो. कागदावर बघून मात्रा मोजणारा इथे हमखास आपटतो.

प्रश्न : यतिभंग म्हणजे नेमके काय? वृत्त बरोबर असूनही तो दोष कसा? (वाचक, नाशिक)

उत्तर : लांब वृत्तात मध्ये एक विसावा ठरलेला असतो, तो यती. त्या जागी शब्द पूर्ण व्हायला हवा. शिखरिणीत १७ अक्षरे असतात आणि सहाव्या अक्षरानंतर यती येतो. या उत्तरासाठी रचलेली ओळ बघा : 'उन्हाची पाने ही, गळत असता वाट दिसली'. 'ही'पाशी सहा अक्षरे संपतात आणि शब्दही संपतो. आता ही दुसरी : 'उन्हाच्या झाडांचीच पडझड ही मी न बघतो'. लगावली बिनचूक आहे. पण सहावे अक्षर 'ची' आणि 'च' गेला यतीपलीकडे. म्हणताना 'झाडांची... चपडझड' असे काहीतरी होते. हाच यतिभंग. समासाच्या सांध्यावर यती पडला तर कान फारशी तक्रार करत नाही; शब्द मधोमध किंवा प्रत्ययापाशी तुटला की करतो.

प्रश्न : ओवी आणि अभंग यांत फरक काय? दोन्ही तर अक्षरे मोजूनच लिहितात. (भजनी मंडळातील वाचक, आळंदी)

उत्तर : दोन्ही अक्षरछंद आहेत, म्हणजे लघु-गुरूचा हिशेब नाही, फक्त अक्षरांचा. जोडाक्षर एकच अक्षर धरायचे : 'ध्यान' म्हणजे दोन अक्षरे. फरक आहे तो यमकाच्या जागेत आणि मोजणीच्या काटेकोरपणात.

मोठ्या अभंगात चार चरण, अक्षरे ६, ६, ६, ४, एकूण २२, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. तुकोबांचा 'सुंदर ते ध्यान' हा त्याचा सरळ नमुना : सुंदर ते ध्यान (६) उभे विटेवरी (६) कर कटावरी (६) ठेवूनिया (४). विटेवरी-कटावरी हे यमक. चौथा चरण मुद्दाम दोन अक्षरांनी आखूड आहे, तिथे गाणाऱ्याला दम घ्यायला जागा मिळते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात आणि दोन्हींच्या शेवटी यमक : जे का रंजले गांजले (८) त्यासी म्हणे जो आपुले (८).

ग्रंथातल्या ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक असते, चौथा आखूड आणि यमकाशिवाय. ज्ञानेश्वरीची पहिली ओवी मोजून बघा : ॐ नमो जी आद्या (६) वेद प्रतिपाद्या (६) जय जय स्वसंवेद्या (८) आत्मरूपा (४). आद्या, प्रतिपाद्या, स्वसंवेद्या हे यमक चोख, पण अक्षरे ६, ६, ८, ४. म्हणजे ओवीत चरण कमीजास्त ताणता येतो, यमक मात्र सोडता येत नाही. जात्यावरची ओवी याहूनही मोकळी. ती गळ्यावर तोललेली असते, तिची अक्षरे मोजत बसण्यात फारसा अर्थ नाही.

नवा अभंग लिहिणारे एक चूक वारंवार करतात : यमक दुसऱ्या आणि चौथ्या चरणात टाकतात. चाल लावायला बसल्यावर मग तो अभंग कुठेच बसत नाही.

प्रश्न : मोरोपंतांच्या आर्या म्हणतात, पण आर्येच्या व्याख्येत त्या बसत नाहीत. असे का? (निवृत्त प्राध्यापक, रत्नागिरी)

उत्तर : शास्त्रानुसार आर्येच्या मात्रा १२, १८, १२, १५. गीतीच्या १२, १८, १२, १८. मराठीत आर्या म्हणून जे रूढ झाले ते बहुतांशी गीती आहे, मोरोपंतांचेही. त्यांच्या गौरवाची प्रसिद्ध ओळच तपासा : सुश्लोक वामनाचा (१२) अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची (१८) ओवी ज्ञानेशाची (१२) किंवा आर्या मयूरपंताची (१८). आर्येचे कौतुक करणारी ही ओळ स्वतः गीतीत आहे.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अपन्हुती यांत नेहमी गोंधळ होतो. 'जणू' आले की उत्प्रेक्षा, एवढ्यावर भागेल का? (परीक्षार्थी, लातूर)

उत्तर : बऱ्याचदा भागते, पण फसण्याची जागाही तीच. सूचक शब्द शोधण्याआधी वाक्यातल्या दोन वस्तू शोधा. जिच्याविषयी बोलणे चालले आहे ते उपमेय, जिच्याशी नाते जोडले ते उपमान. नंतर एकच प्रश्न विचारा : कवी या दोन वस्तूंचे नाते किती जवळचे मानतो?

दरीतले धुके हे उपमेय आणि दूध हे उपमान घेऊ. 'धुके दुधासारखे पांढरे' यात दोन्ही वेगळी राहिली आणि 'पांढरेपणा' हा साधारण धर्म सांगितला. ही उपमा. 'दरीत जणू दूधच सांडले' यात कवी कल्पना करतो आहे आणि ती कल्पना आहे हे त्याला ठाऊक आहे. ही उत्प्रेक्षा, गमे, वाटे, भासे हे शब्दही इथे येतात. 'धुक्याचे दूध दरीत उतू गेले' यात दोघे एकच झाले, तुलनेचा शब्द उरलाच नाही. हे रूपक. 'धुके कसले, दूधच हे' यात उपमेयच नाकारले. ही अपन्हुती. 'दुधाहून पांढरे धुके' यात उपमेय वरचढ ठरले, म्हणून व्यतिरेक. 'धुके म्हणावे की दूध?' असा निर्णय न झाल्यास ससंदेह. आणि दूध समजून मांजर दरीकडे जीभ चाटत निघाली, तर भ्रांतिमान, कारण आता नुसता संशय नाही, चुकीची खात्री आहे आणि तिच्यानुसार कृतीही घडली. 'धुके धुक्यासारखेच' म्हटले, तर उपमान सापडलेच नाही, तो अनन्वय.

फसवणारे दोन शब्द लक्षात ठेवा. पहिला 'वाटे'. 'धुके दूध वाटे' ही कवीची कल्पना असेल तर उत्प्रेक्षा, पण 'मांजराला दूध वाटले आणि ते धावले' असेल तर भ्रांतिमान. दुसरा 'की'. प्रश्न खरोखर अनिर्णीत असेल तरच ससंदेह. आणि 'जणू' दिसल्यावरही वाक्य पुढे वाचा : 'हे जणू दूध नाही, दूधच आहे' अशा ओळीत जणू असूनही उत्प्रेक्षा नाही, तिथे कवी ती नाकारून पुढे गेला आहे.

पाठ्यपुस्तकांत प्रत्येक अलंकाराला एकच ठरावीक उदाहरण असते आणि मुले तेच पाठ करतात. परीक्षेत ओळ बदलली की सगळे ढासळते. एकाच जोडीवर सगळे अलंकार स्वतः करून बघणे हा जास्त भरवशाचा सराव आहे. धुके-दूध नको असेल तर भाकरी आणि चंद्र घ्या.

प्रश्न : गझलेच्या कार्यशाळेत माझा एक शेर 'काफिया चुकला' म्हणून बाद केला. यमक तर जुळत होते. मतल्यात 'जळे का', 'कळे का' होते आणि शेरात 'मिळे का'. (वाचक, अमरावती)

उत्तर : यमक जुळत होते, अलामत जुळत नव्हती. मतला म्हणजे गझलेचा पहिला शेर (दोन ओळींची जोडी). तुमच्या मतल्यासारखाच एक मतला इथे मांडून दाखवतो :

दिवा सांजवेळी उशाशी जळे का
कुणाला कुणाची प्रतीक्षा कळे का

शेवटून मागे चला. 'का' हा न बदलणारा शब्द म्हणजे रदीफ. त्याच्या आधीचे 'जळे', 'कळे' हे काफिये. त्यांत 'ळे' हा भाग कायम आहे, आणि ळेच्या आधी दोन्हीकडे 'अ' स्वर आहे (ज, क). तो स्वर म्हणजे अलामत. मतल्याच्या दोन्ही ओळींनी मिळून वाचकाशी करार केला : अ + ळे + का. पुढच्या प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत तो पाळायचा. पहिल्या ओळीत पाळायचा नसतो, तिथे पाळलात तर तो दुसरा मतला होतो.

मला टाळणारा तुझा पायसुद्धा
पुन्हा याच दाराकडे हा वळे का

'वळे' चालतो. ढळे, गळे, छळे, पळे हेही चालतील. पण 'जुन्या या घराला निवारा मिळे का' म्हटले की ळेच्या आधी इ आला आणि करार मोडला. जुळे (उ), खेळे (ए) यांचेही तेच. तुम्ही मतल्यातच 'जळे' आणि 'मिळे' घेतले असते, तर करार नुसत्या 'ळे का'चा झाला असता. काही जाणकार ते चालवून घेतात, काही त्याला ढिलाई म्हणतात. आमचे मत दुसऱ्या बाजूला झुकते, कारण अलामत सुटली की कानाला मिळणारा ठोका बोथट होतो. मतल्यात 'जळे' आणि 'दिसे' घेतले तर फक्त 'ए' हा स्वर सामाईक उरतो, त्याला स्वरकाफिया म्हणतात. तो मान्य आहे, पण मग सगळी गझल तशीच न्यावी.

काही मराठी लेखनात काफियाला यमक आणि रदीफला अंत्ययमक म्हणतात, तर शाळेत अंत्ययमक म्हणजे ओळीच्या शेवटचे साधे यमक. कार्यशाळेत बोलताना कोणता अर्थ धरला आहे हे आधी विचारून घ्या, अर्धे वाद तिथेच मिटतात.

लिहिण्याआधी काफियांची यादी करा. सात-आठ चांगले काफिये सापडत नसतील तर ती जमीन (वृत्त, काफिया आणि रदीफ यांची चौकट) सोडून द्या, नाहीतर तिसऱ्या शेरापासून काफियासाठी अर्थ ओढावा लागतो. रदीफ लांब घेतलात तर तो प्रत्येक शेरात अर्थाने लागू पडतो का ते तपासा. रदीफ काढून टाकला तरी वाक्य पूर्ण होत असेल, तर तो नुसता चिकटवलेला आहे.

वृत्ताचेही सांगतो. वरच्या ओळी भुजंगप्रयातातच आहेत. उर्दूत ही लय मुतकारिब, फऊलुन चार वेळा. उर्दूत 'मेरा'चा दीर्घ स्वर गरजेनुसार आखूड वाचायची मुभा आहे. मराठीत ती घेत नाहीत. उर्दू गझला ऐकून लिहू लागलेल्यांच्या ओळी अनेकदा याच कारणाने लांबतात.

प्रश्न : मुक्तछंदात काहीच नियम नसतात, मग ओळ कुठे तोडायची? (वाचक, पणजी)

उत्तर : कवी अनिल यांनी मराठीत मुक्तछंद रुजवला, तो लय टाकून नव्हे. त्यात चरणाची लांबी मोकळी होते, पण बोलण्याचे तुकडे लयीत पडतात. ती लयही सोडली तर ती गद्यकविता, आणि त्यातही वाईट काही नाही.

ओळ तोडण्याची कसोटी : ओळीच्या शेवटी वाचक क्षणभर थांबतो. त्या थांब्याने काय मिळते?

वीज गेली.
पंखा थांबला
आणि शेजारचे रडणे
ऐकू आले.

'रडणे'पाशी थांबल्यावर वाचक त्या शब्दावर टिकतो, आणि ते इतका वेळ चालूच होते, पंख्याच्या आवाजात बुडाले होते, हे 'ऐकू आले'मधून कळते. आता 'पंखा थांबला आणि / शेजारचे रडणे ऐकू / आले' असे तोडून बघा. 'आणि' व 'ऐकू'वर थांबून हाती काही लागत नाही. कविता सलग परिच्छेदासारखी लिहून काढा आणि मोठ्याने वाचा. तोडण्याने काहीच फरक पडत नसेल तर ती परिच्छेदच राहू द्या.

प्रश्न : हायकू ५-७-५ अक्षरांतच लिहायला हवा का? (वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. जपानीत मोजतात ती आपली अक्षरे नव्हेत. 'निप्पोन' हा शब्द तिथे चार एकक भरतो (नि, प्, पो, न्), आपल्याकडे तीन अक्षरे. म्हणून मराठी ५-७-५मध्ये जपानीपेक्षा बराच जास्त मजकूर मावतो आणि हायकू जड होतो. शिरीष पै यांनी मराठीत रुळवलेला हायकू तीन ओळींचा असला तरी या मोजणीत अडकलेला नाही. तीन छोट्या ओळी, एखादा ऋतूचा धागा, दोन दृश्यांमध्ये एक तुटक जागा, एवढे सांभाळा. तिसऱ्या ओळीत पहिल्या दोन ओळींचा अर्थ सांगितला असेल, तर ती ओळ खोडा आणि तिथे दुसरे दृश्य ठेवा.